कडुनिंबावरची गुळवेल

शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५
मांजर्ली, बदलापूर पश्चिम

अंजनी,

मायना गाळला आहे. 'सौभाग्यवती' लिहिलं तर तू म्हणशील, सौभाग्य कोणाचं ते आधी ठरवा. म्हणून नुसतं नाव.

फोन न करता पत्र का, तर फोन मीनल उचलते आणि "आई झोपलीय बाबा" म्हणते. सकाळी अकराला झोपलीय, संध्याकाळी सहाला झोपलीय. लेकीकडे उल्हासनगरला गेल्यापासून दहा महिने तू नुसती झोपूनच आहेस असं दिसतं! मुलगी माझ्याशी खोटं बोलते यात शंका नाही. कोणाच्या सांगण्यावरून, एवढाच प्रश्न आहे. एका गैरसमजापायी माणूस चाळीस वर्षांचा संसार सोडून जात नाही. कोणीतरी कान भरावे लागतात.

असो. लिहायचं कारण वेगळं आहे. आपली गुळवेल कोणीतरी कापली.

कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबावर मी ती आठ वर्षांपूर्वी चढवली होती. बोटभर काडी, मुरबाडहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. गुळवेल ज्या झाडावर चढते त्याचा गुण घेते, म्हणून आमच्या गावी कडुनिंबावरचीच तोडायचे. आता तिचं खोड अंगठ्याएवढं झालं होतं. काल दुपारी वाचनालयातून आलो तर जमिनीपासून माणसाचा हात पोचेल तिथवरची सगळी वेल गायब. वर फांद्यांत गुंता तसाच, आणि खाली झाडाचा बुंधा उघडा.

अंबरनाथच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मी आलेला माल तपासला. काप बघून मला कळतं. कोयत्याचा घाव नाही, गुराने ओढलेलं नाही. बारीक पात्याच्या सुरीने, सावकाश, तिरपा काप. आणि कापलेली कांडं जागेवर नाहीत. म्हणजे चोराला वेल हवी होती.

तू गेल्यापासून मी सकाळचा काढा बिल्डिंगमधल्या सहा घरांना देतो, हे तुला कळलं असेलच. गवती चहाच्या तीन पातींची गाठ, तुळशीची सात पानं, आलं ठेचून, दोन मिरी, ज्येष्ठमधाची काडी आणि रात्री भिजवलेलं गुळवेलीचं ठेचलेलं कांड. चार पेले पाणी आटवून दोन. गवती चहाला वाफ धरली की सगळ्या जिन्याला वास सुटतो आणि मला आमची चौथीची खोली आठवते. पावसात कौलं गळायला लागली की मास्तर आम्हाला पाटी डोक्यावर धरून कविता म्हणायला लावायचे. पाटीवर थेंब वाजायचे, त्याच ठेक्यात साठ पोरं ओरडायची. तेव्हापासून चालीत म्हटलेलं काहीही मला खरं वाटतं. तू म्हणायचीस, "यमक जुळलं की झालं, तुम्हाला पुरावा लागत नाही."

दुकानातली पावडर मी घेणार नाही. त्यात काय दळतात ते मला माहीत आहे. चोर सापडेपर्यंत काढा उरल्यासुरल्या कांडांवर.

गुडघे कसे आहेत?

गुरुदत्त


रविवार, १७ ऑगस्ट

अंजनी,

उत्तर नाही. मीनल पत्र तुझ्यापर्यंत पोचू देते की नाही, इथपासून शंका.

गुळवेल मरत नाही, हे चोराला ठाऊक नसावं. खालून तोडली की आठवड्यात वरून सुतासारखे धागे सोडते. ते हवेत लोंबत लोंबत माती शोधतात. मातीला टेकले की पुन्हा मूळ, पुन्हा वेल. उगाच नाही तिला अमृता म्हणत. मी बुंध्यावर खडूने खुणा करून रोज सकाळी मोजत होतो. एक धागा तर बुधवारी जमिनीपासून चारच बोटं वर होता. त्याला बघत चार ओळी जुळल्या:

मूळ तोडलेस, तोड खुशाल,
वरून सोडीन धागा;
शोधत येईन हळूहळू मी
मातीत माझी जागा.

गुरुवारी वाचनालयात म्हणून दाखवल्या. आम्ही पाचच म्हातारे असतो, त्यातले दोघे ऐकू कमी येणारे, तरी टाळ्या पडल्या. घरी आलो तर सगळे धागे कापलेले. एकूण एक.

मी तडक सेक्रेटरी सुजितकडे गेलो.

"काका, सीसीटीव्ही गेटवर आहे, झाडावर नाही."

"मग झाडावर लावा."

"एका वेलीसाठी? अहो, पार्किंगमधून अख्खी बाइक गेली तेव्हा कमिटी हलली नाही."

"बाइक नवी घेता येते."

"वेल पण येते ना परत? तुम्हीच सांगता, अमृता की काय ते. टेन्शन नका घेऊ."

बोलताना त्याने माझ्या डोळ्यांकडे बघितलं नाही. मोबाइलकडे बघत होता आणि मोबाइलचा पडदा काळा होता. काळ्या पडद्यात काय वाचतो हा माणूस? सोसायटीला ते झाड तोडून पार्किंग वाढवायचं आहे, आणि वेल ही सुरुवात आहे, असा माझा कयास. कयास म्हणजे जवळजवळ खात्री.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुम्हाला आलेला प्रत्येक माल खराबच वाटतो." पण सांगतो, निम्मा खराबच निघायचा.

गुरुदत्त


शनिवार, ३० ऑगस्ट

अंजनी,

तपास पुढे गेला आहे.

एक: वेल गुरुवारीच कापली जाते. सात, चौदा, एकवीस ऑगस्ट. दहा ते बारा मी वाचनालयात असतो, त्याच वेळात. म्हणजे चोराला माझा दिनक्रम पाठ आहे.

दोन: परवाच्या गुरुवारी कापली गेली नाही. आदल्या दिवशी गणपती बसले. चोराच्या घरी दीड दिवसाचा गणपती असावा, हात रिकामा नसेल. मीनलकडचा गणपती कसा झाला? उकडीचे तूच केलेस का? तिला पारी जमत नाही.

तीन: खालच्या मजल्यावरच्या शलाकावर माझा संशय आहे. ऑफिसचं काम घरून करते, दिवसभर खिडकीशी. तिला दिसलंच पाहिजे. विचारलं तर म्हणाली, "आजोबा, मी कॉलवर असते हो, मला कुठे बाहेर बघायला वेळ." आणि मी दिलेला थर्मास दहा मिनिटांत धुऊन परत कसा येतो? एवढा गरम काढा दहा मिनिटांत कोण पितं? तिच्या दारातल्या मोगऱ्याच्या कुंडीत माती तपकिरी झाली आहे. मी बोट लावून चाखली. हसू नकोस. कडू होती.

काल थर्मास देताना सरळ विचारलं, "काढा आवडत नाही का?"

"तसं नाही आजोबा. जरा कडू लागतो."

"तुझी जीभच कडू झाली असेल," मी म्हणालो.

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी जिन्यातच उभा राहिलो. शलाका म्हणाली, "आजोबा, बरं वाटत नाहीये का?" मी काहीतरी पुटपुटून वर आलो. का थांबलो ते इथे लिहीत नाही.

येत्या गुरुवारी वाचनालयाचा वार्षिक समारंभ आहे, जावं लागेल. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी जाणार नाही. जायचं नाटक करीन.

गुरुदत्त


गुरुवार, ११ सप्टेंबर

अंजनी,

आज पिशवी घेतली, छत्री घेतली, सुजितला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "निघालो वाचनालयात" म्हणालो. नाक्यावर जाऊन मागच्या गेटने परत आलो आणि मीटरच्या खोलीत उभा राहिलो. दाराला जाळी आहे, तिच्यातून कडुनिंब दिसतो.

अकराला वीस मिनिटं कमी असताना रिक्षा थांबली. आधी एक पाय खाली आला, मग बराच वेळ दुसरा आलाच नाही. तो पाय मी चाळीस वर्षं ओळखतो.

तू विटकरी साडी नेसली होतीस. बारीक झाली आहेस. सुजित प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत आला, शलाका पाण्याचा तांब्या घेऊन. कोणी तुला "कोण हवंय" विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. माझा संशय खरा निघाला, अंजनी. अख्खी बिल्डिंग कटात होती. पण खरं निघाल्याचा आनंद काही झाला नाही.

तू पिशवीतून भाजीची सुरी काढलीस. एकेक धागा हातात धरून, केसांचा गुंता सोडवावा तसा सोडवून कापलास. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवलास, खाली एक तुकडासुद्धा पडू दिला नाहीस. मी उचलून उकळला असता, हे तुला माहीत.

तुमचं बोलणं मी ऐकलं. चोरून ऐकलं, तर तसंच लिहितो.

शलाका म्हणाली, "आजी, आजोबांना वाटतं कोणी बाहेरचा माणूस येतो."

"बाहेरचीच आहे मी आता," तू म्हणालीस.

मग तू विचारलंस, "ते स्वतः पितात अजून?"

"मिळेल तेवढा पितात."

"म्हणून तर येते बाई. नाहीतर शहाडहून लोकल धरून गाडी बदलायला कल्याण स्टेशनचा जिना चढायची हौस नाही मला. आणि तुम्ही कोणी पिऊ नका हं. त्यांचा चेहरा बघून घ्याल आणि प्याल."

"छे हो, आम्ही सगळे कुंडीत ओततो. माझा मोगरा एव्हाना कडू झाला असेल."

तू हसलीस. दहा-अकरा महिन्यांनी तुझं हसू ऐकलं ते मीटरच्या खोलीत, कोळिष्टकांत उभं राहून.

सुजित म्हणाला, "काकू, शिडी लावून वरपासून मुळासकट काढून टाकू का? एकदाचं मिटेल."

"नको रे. आपण काढली तर ते दुसरी लावतील. त्यांची त्यांनी काढली पाहिजे."

"आणि नाही काढली तर?"

"तर गुरुवार आहेच," तू म्हणालीस आणि गुडघ्यावर हात ठेवून उठलीस.

मी जाळीआडून बाहेर आलो नाही. तू घरच्या खिडकीकडे एकदा बघितलंस. तिथे कोणी नव्हतं.

गुरुदत्त


रविवार, १४ सप्टेंबर

अंजनी,

तीन दिवस कागद घेतो आणि ठेवतो. गवती चहा करतो, नुसता. तो गार होतो.

पहिल्या पत्रात मी 'गैरसमज' असा शब्द लिहिला. तो खोडून समज.

गेल्या वर्षी जूनमध्ये तुला ताप आला, उतरला, पण अशक्तपणा राहिला. मी काढा दिला. तू म्हणालीस, "तुमचा पाला तुम्हीच प्या, मला माझा दुधाचा चहा पुरे." तुझा दुधाचा चहा मीच करायचो. दुसऱ्या दिवसापासून मी त्यात गुळवेलीचं पाणी घालू लागलो. साखर एक चमचा जास्त. तुला सांगितलं नाही.

तू म्हणालीस, "चहा कडू लागतोय." मी म्हणालो, "तापाने जीभ कडू झालीय तुझी."

तू विश्वास ठेवलास. आधी साखर बदललीस, मग चहापत्ती. मग दुधावर संशय घेतलास. जयदेव वीस वर्षं आपल्याकडे दूध घालत होता. तू त्याला दारात म्हणालीस, "तुझे कॅन नीट धूत नाहीस." तो पुढच्या महिन्यापासून यायचा थांबला. मी आत पेपर वाचत होतो. मला सगळं माहीत होतं आणि मी पान उलटलं.

सप्टेंबरात तुझे डोळे पिवळे झाले. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी यकृताला सूज सांगितली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी झाडपाल्याचं काही देता का?" मी म्हणालो, "गवती चहा, बस." ते म्हणाले, "काहीही असेल तर पूर्ण बंद." चार दिवसांत तू सुधारलीस, घरी आलीस.

मी बंद केलं नाही. अर्धं केलं.

हे वाक्य मी आजवर स्वतःलाही म्हणून दाखवलेलं नाही. मला वाटलं, डॉक्टर लोकांना आपल्या गोष्टींचा आकस असतो. मला वाटलं, अर्ध्याने काय होतं. तू माझ्याआधी गेलीस तर काय, या भीतीने माझी पाचावर धारण बसली होती, आणि घाबरलेला माणूस जे पाठ आहे तेच म्हणतो. दूधवाल्यावर संशय गेला तर जाऊ दिला, डॉक्टरांवर मी स्वतः घेतला, मुलीवर घेतला. हातातल्या गाळणीवर घेतला नाही.

तुला दुसऱ्यांदा दाखल केलं तेव्हा मी घरून चहा नेला. मीनलने कपात ओतताना एक घोट घेतला. "बाबा, हे काय आहे?" तू तिच्या हातातून कप घेतलास, चाखलास, आणि कपाकडे न बघता माझ्याकडे बघितलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू कप टेबलावर ठेवलास आणि भिंतीकडे तोंड करून झोपलीस. तिथून परस्पर मीनलकडे.

मीनलने तुझे कान भरले नाहीत. भरायला काही नव्हतंच, तू स्वतः चाखलं होतंस.

तुझी जीभ चांगली होती, अंजनी. चहाच कडू होता.

जयदेवचं घर मला माहीत आहे. उद्या जाऊन येतो.

गुरुदत्त


शुक्रवार, १९ सप्टेंबर

अंजनी,

सोमवारी जयदेवकडे जाऊन आलो. त्याने बसायला दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर," मी मास्तर नाही पण तो पहिल्यापासून तेच म्हणतो, "मी त्या दिवशी घरी जाऊन सगळे कॅन परत धुतले होते." एवढंच. चहा मात्र दिला नाही.

मंगळवारी शलाकाने मला रक्त तपासायला नेलं. यकृताचे आकडे थोडे वाढलेले आहेत, घाबरण्यासारखे नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, घरी काय काय घेता. सगळं सांगितलं, किती बोटं कांड आणि किती महिने, तेही. ते लिहून घेत होते आणि मी थांबत नव्हतो. शलाका म्हणाली, "आजोबा, त्यांना लिहू तर द्या." तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे.

बुधवारी सहाही घरी गेलो. प्रत्येक दारात उभा राहून सांगितलं, की काढा आता येणार नाही, याच वेलीचा काढा मी माझ्या बायकोला न सांगता पाजला आणि ती दोनदा दवाखान्यात गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या उन्नतीताई म्हणाल्या, "अहो, आम्ही पहिल्या आठवड्यापासूनच ओततोय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." दार लावता लावता पुन्हा उघडून म्हणाल्या, "वास मात्र छान यायचा हं."

आता वेलीचं. आज सकाळी काढली. सुजितने शिडी आणली. खांदा वर जात नाही तरी चार पायऱ्या मी चढलो, त्याला वरचं वर सोडवायला सांगितलं आणि खालून मी ओढली. आठ वर्षांत तिने फांद्यांना इतके वेढे घातले होते, की काही ठिकाणी साल सोलून आली. झाडाला लागलं. पहारीने मूळ खणलं, हातभर खोल. फुटीचा एकेक डोळा बघून सगळी पोत्यात भरली आणि घंटागाडी येईपर्यंत पोत्यावर बसून राहिलो, कोणी उचलून नेऊन लावायला नको म्हणून. सुजित म्हणाला, "काका, एक काडी ठेवायची का आठवण म्हणून?" मी म्हणालो, "गाढवा, हीच काडी आणली होती मी मुरबाडहून." तो हसला, मलाही हसू आलं.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. काढायचं मी रविवारीच ठरवलं होतं, तुला पत्र टाकून आलो तेव्हाच. सुजितची शिडी सोमवारीही मोकळी होती. पाऊसही नव्हता. तरी मी शुक्रवारपर्यंत थांबलो, कारण मध्ये गुरुवार होता. सोमवारपासून रोज सकाळी धागे बघत होतो, वाढताहेत ना, तुला कापण्याइतके होतील ना. काल दहाला छत्री घेऊन खरोखरच वाचनालयात गेलो, म्हणजे तू निवांत येशील. साडेअकराला परत येऊन मागच्या गेटशी थांबलो. तू खुर्चीत बसून पाणी पीत होतीस. पिशवी भरली होती, तरी तू बराच वेळ बसून होतीस. शलाकाला काहीतरी सांगत होतीस, हात वर करून, पुरणपोळी लाटताना सांगतेस तसं.

तो एक गुरुवार मी तुझ्या गुडघ्यांच्या जिवावर घेतला. चूक होती. पण घेतला.

आता झाडावर काही नाही. पुन्हा लावणार नाही, हे मी सांगतो आहे आणि माझ्या सांगण्याला काय किंमत आहे ते मला कळतं. सुजित लक्ष ठेवील. त्याला मीच सांगितलं आहे, माझ्यावर लक्ष ठेव.

पुढच्या गुरुवारी कल्याणचा जिना चढू नकोस. तुला इथे आता काही काम उरलेलं नाही. मी दहा ते बारा घरीच असेन.

गुरुदत्त